दिगांबरभाऊंचं हॉलंड

दिगांबरभाऊंकडे चहाला जायचं तर आधी वेळ घ्यावी लागे. ही गोष्ट परदेशातली नाही. यवतमाळातल्या आमच्या कॉलनीतली आहे, जिथे लोक अजूनही चपला काढता काढता आवाज देतात आणि उत्तर येईपर्यंत खुर्चीवर बसलेले असतात. मी कुंपणापलीकडून विचारायचो, "भाऊ, येऊ का?" भाऊ खिशातून मोबाइल काढत, कपाळावरचा चष्मा नाकावर घेत, कॅलेंडर उघडत आणि मोठ्या गंभीरपणे म्हणत, "बुधवारी जमते का तुले?"

मी म्हणायचो, जमते.

मग मोबाइल खिशात परत. "अबे मंग आता ये ना. बुधवार येईन तवा येईन."

भाऊ म्हणजे एस.टी.तून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. हयात बसस्टँडवर गेलेली, त्यामुळे आवाज असा की घरात मीठ मागितलं तरी समोरच्या गल्लीतली माणसं सामान उचलून उभी राहतील. उभा माणूस त्यांना बघवत नसे. लग्नाच्या मांडवात, दवाखान्यात, अगदी मयतीला गेले तरी ते शिरल्याबरोबर सुरू करत, "मांगं सरका, मांगं सरका, मावशीले बसू द्या!" आणि लोक सरकत. का सरकलो हे लोकांना घरी गेल्यावर कळे.

मी त्यांचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. पंचायत समितीत नोकरी करतो, कमी बोलतो. सगळ्यांच्या होला हो म्हणून आजवर निभावलं. पण भाऊंच्या या हॉलंडच्या भानगडीत माझा हात होता, आणि तो चांगला कोपरापर्यंत होता. ते सांगितल्याशिवाय भाऊंचं चित्र पुरं होत नाही, म्हणून एकदाचं सांगून टाकतो.

भाऊंना एकच मुलगी, पल्लवी. ती आणि जावई निखिल दोघंही हॉलंडात, आइंडहोव्हन शहरात नोकरीला. तिथे त्यांनी घर घेतलं, विटांचं, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्याला चिकटलेलं, आणि भाऊ आणि शांतावहिनींना पहिल्यांदा तिकडे बोलावलं. भाऊ गेले ते यवतमाळ सोबत घेऊनच गेले.

पहिल्याच आठवड्यात ते पल्लवीबरोबर सिटीबसमध्ये चढले. तिकडे बसमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही. भाऊंना वाटलं, काही वाईट घडलं असावं. ते थेट ड्रायव्हरजवळ जाऊन उभे राहिले, शेवटच्या थांब्यापर्यंत, जातभाई म्हणून. वाटेत एक म्हातारी चढली. भाऊंनी भर वऱ्हाडीत सूचना दिली. आणि मला पल्लवीने स्वतः सांगितलंय, अख्खी बस मागे सरकली. उतरल्यावर भाऊंनी बसच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली, चला. ड्रायव्हरने बस बंद केली आणि काय तुटलं ते पाहायला खाली उतरला.

इथवर पल्लवी हसत होती. पुढे सोफ्याचं झालं.

शेजारी हेंक नावाचा गृहस्थ. बायको वारलेली, उंच, मोजकं बोलणारा. एका सकाळी भाऊ फिरून आले तर हेंकच्या दारासमोर फुटपाथवर मोठा सोफा, एक कपाट आणि गादी. हेंक कामाला गेलेला. वरून पाऊस सुरू. आता आपल्याकडे शेजाऱ्याचं सामान पावसात दिसलं तर माणूस काय करतो? विचारत बसत नाही. भाऊंनी धोतर खोचावं तसा पॅन्टचा पायचा खोचला, रस्त्याने चाललेली दोन कॉलेजची पोरं थांबवली, कुत्रं फिरवणारा एक म्हातारा थांबवला, आणि "उचला! तिकून धरा! भिंत सांभाळा!" करत सगळं सामान हेंकच्या मागच्या अंगणातल्या छपराखाली नेऊन ठेवलं. वर त्याचीच ताडपत्री झाकली. कुत्रं वहिनींनी धरलं होतं.

तिकडची रीत अशी की जुनं सामान टाकायचं असलं तर नगरपालिकेकडे आधी वेळ घ्यायची आणि त्या दिवशी सकाळी ते दारापुढे काढून ठेवायचं. गाडी येते, घेऊन जाते. त्या दिवशी गाडी आली, रिकामा फुटपाथ पाहून निघून गेली. पुढची वेळ कितीतरी आठवड्यांनंतरची.

संध्याकाळी हेंक आला. भाऊ अंगणात वाटच पाहत होते, आता हा चहाला बोलावणार म्हणून. हेंकने ताडपत्री उचलून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग इंग्रजीत हळू म्हणाला, "हा सोफा माझ्या बायकोने आणला होता. तेव्हापासून मला तो नको होता. आज तो गेला होता."

भाऊंना यातला 'बायको' एवढाच शब्द नीट कळला. त्यांनी हेंकच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "नो प्रॉब्लेम. नो प्रॉब्लेम."

पल्लवीने घरी समजावून सांगितलं तेव्हा भाऊ पार वरमले. माफी मागायची तर कोरड्या तोंडाने कशी मागणार? माफी म्हणजे हेंकला रोडगे खाऊ घालायचे, वांग्याच्या भाजीसोबत. आणि रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले. ओव्हनमधले भाऊंना चालत नव्हते. "थ्या रोडग्याले धुराचा वासच नाही तं थो पाव झाला," असं त्यांचं मत.

तो देश गायींचा. हिरव्यागार कुरणात पाहावं तिथे गाय, आणि अख्ख्या मुलखात गोवरी एक नाही, याचं भाऊंना पहिल्या दिवसापासून नवल होतं. दुसऱ्या दिवशी ते निखिलची सायकल घेऊन गावाबाहेरच्या एका गोठ्यावर गेले आणि खाणाखुणा करून शेण मागितलं. त्या शेतकऱ्याने काय समजून दिलं देव जाणे, पण भरपूर दिलं. ते आलं निखिलच्या ऑफिसच्या सायकल-बॅगेतून, जिच्यात त्याचा लॅपटॉप आणि डबा जातो. दुपारभर भाऊंनी गोवऱ्या थापल्या आणि उन्हाची बाजू पाहून घराच्या पुढच्या विटांच्या भिंतीवर ओळीने लावल्या. भिंत सलग होती. कुठे पल्लवीची संपते आणि कुठे हेंकची सुरू होते, ते भाऊंना दिसलं नाही.

पल्लवी कामावरून आली तेव्हा गल्लीतले चार-पाच लोक समोरच्या फुटपाथवर उभे होते. कोणी काही म्हणत नव्हतं. एकाने फक्त विचारलं, प्रत्येक गोळ्यावर पाच बोटांचे ठसे आहेत, ते मुद्दाम काढले आहेत का.

पल्लवी ओरडली नाही. तिने पाण्याचा पाइप लावला, भिंत धुतली, आणि आत येऊन म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी आई एकटी येईल."

हे वाक्य भाऊंनी मला इकडे आल्यावर सांगितलं. बसची गोष्ट शंभर लोकांना सांगितली, सोफ्याची दोनशे. हे वाक्य फक्त मला.

वर्ष गेलं. मग एक दिवस भाऊ कुंपणापाशी आले आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले. "सुधाकर, पल्लवीले दिवस गेले."

"अरे वा! मग तुम्ही दोघं निघा!"

"शांताले बोलावलं हाय. मले म्हनलं, बाबा, इथल्यासारखं राहाल तरच या." ते थोडा वेळ मेंदीच्या कुंपणाची पानं तोडत राहिले. "पोट्टीचं बराबर हाय. थे तिथं राह्यते ना. नावं तिले ठेवतात." आणि मग मूळ आवाजात, "म्हून मी प्रॅक्टिस करून राह्यलो! तू हेंक हो!"

असा मी हेंक झालो. आणि व्हिडिओ काढणाराही झालो, कारण भाऊंची प्रगती पल्लवीला कळवायची होती.

पहिल्या दिवशी पडदे गेले. तिकडे घराचे पडदे उघडे असतात, आतला दिवा दिसतो, टेबल दिसतं, पण जाणारा-येणारा आत पाहत नाही. भाऊंनी घरातले सगळे पडदे काढून वहिनींना धुवायला दिले. अडचण एवढीच की ती रीत कॉलनीला माहीत नव्हती. भाऊ जेवायला बसले की रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस खिडकीशी थांबून विचारी, "काय भाऊ, आज कायची भाजी?" भाऊ आतून ओरडत, "इकडे पाहू नोका! तिकडे पाहत नसतात!" हे ऐकून जे पाहत नव्हते तेही पाहू लागले. एकदा एक बकरी खिडकीत पुढचे पाय ठेवून उभी राहिली. वहिनी म्हणाल्या, "या बकरीले सांगा आता हॉलंडचा कायदा."

मग कचरा. चार रंगांचे चार डबे आणले. काच वेगळी, कागद वेगळा, भाजीची सालं वेगळी. घंटागाडी आली की भाऊ चारही डबे तोलून बाहेर नेत, आणि गाडीवाला चारही डबे एकाच ठिकाणी उपडे करी. त्या क्षणी भाऊ डोळे मिटून घेत. "मले काई दिसलं नाही," असं म्हणून आत येत.

मग सायकल. वळताना हात बाजूला काढायचा. भाऊंनी भर चौकात डावा हात काढला. लगेच एक ऑटो थांबला. "कुठं जाचं काका?" भाऊ म्हणाले, कुठंच नाही, मी वळून राह्यलो. तोवर मागे दुसरा ऑटो, त्याच्यामागे दुधाची गाडी, तिच्यामागे ट्रॅव्हल्स. भाऊंनी सायकल स्टँडला लावली आणि अर्धा तास चौकातली सगळी वाहतूक मोकळी करून दिली. इतके खूश मी त्यांना बऱ्याच महिन्यांत पाहिलं नव्हतं. पल्लवीला मी फक्त हात काढल्याचा भाग पाठवला.

इथूनच माझी घसरण सुरू झाली.

सगळ्यात अवघड होतं बिस्कीट. तिकडे पाहुण्याला कॉफीबरोबर एक बिस्कीट देतात, डब्याचं झाकण लावतात आणि डबा उचलून ठेवतात. पाहुणाही खूश, यजमानही खूश. मी हेंक म्हणून बेल वाजवून आलो. भाऊंनी मला बसवलं. डबा उघडला. मी एक घेतलं. भाऊंनी झाकण लावायला घेतलं आणि त्यांचा हात थांबला.

"लावा ना," मी म्हणालो.

"लावतो बे." त्यांनी झाकण लावलं. कपाळावर घाम. मी मोबाइल समोर धरून होतो, तो बंद केला. "झालं, भाऊ. पाठवतो."

"झालं? पक्कं झालं?" भाऊ उठलेच. "शांते! आण बाहेर!" आणि तर्री-पोहे, आलुबोंडे, चिवडा, काल उरलेला शिरा, सगळं टेबलावर आलं. मी खाल्लं. खातखातच पल्लवीला मेसेज केला, 'बाबांनी एकच बिस्कीट दिलं. खूप बदल आहे.'

असे मी किती व्हिडिओ पाठवले, आता आठवतही नाही. प्रत्येक जिथे कापायला हवा तिथेच कापलेला. भाऊ मला म्हणत, "पाठवला का? काय म्हनली?" पल्लवीचं उत्तर नेहमी एक अंगठा. भाऊ तो अंगठा वहिनींना दाखवत, मग समोरच्यांना. आणि मला घरी आल्यावर जेवण जात नसे. अर्थात त्यात आलुबोंड्यांचाही वाटा होता, पण सगळा नाही. मला भीती होती ती एवढीच, की माझ्या भरवशावर ती भाऊंना बोलावेल, भाऊ तिथे दोन दिवसांत उघडे पडतील, आणि या वेळी ती पाइप घेऊन भिंत धुणार नाही, थेट परतीचं तिकीट काढेल.

शेवटचा पेपर होता वहिनींचा वाढदिवस. तिकडे वाढदिवसाला खुर्च्या गोल मांडतात. येणारा माणूस ज्याचा वाढदिवस त्याचंच नाही, सगळ्यांचं अभिनंदन करतो. नवऱ्याचं, सासूचं, शेजाऱ्याचंसुद्धा. केकचा एक तुकडा खायचा, हळू बोलायचं आणि जेवायची वेळ झाली की घरी जायचं.

भाऊंनी कॉलनी बोलावली. अंगणात मांडववाल्याच्या खुर्च्या गोल लावल्या. येणारा प्रत्येक जण आधी वहिनींना, मग भाऊंना, मग मला हात मिळवून म्हणायचा, "शांतावहिनींच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन." समोरच्या बायकांनी एकमेकींचंही अभिनंदन करून घेतलं आणि पदर तोंडात कोंबून हसत बसल्या. एका म्हाताऱ्याने मला हळूच विचारलं, "वहिनीचा वाढदिवस हाय तं तुह्यं अभिनंदन कायचं?" मी म्हणालो, मी शेजारी आहे. "मंग मीबी हाय ना," म्हणून तो रागावला. त्याचंही अभिनंदन केलं.

वर्तुळात शांतता होती. आतून बेसनाच्या पाटोडीच्या रश्श्याचा वास येत होता. सगळ्यांचे डोळे केकवर आणि नाकं स्वयंपाकघरात. मी व्हिडिओ काढत होतो. भाऊ उभे राहिले आणि ठरलेलं वाक्य बोलले, "आल्याबद्दल धन्यवाद. आता आमची जेवायची वेळ झाली."

लोक उठले. फाटकाबाहेर गेले. भाऊ फाटकाशी उभे राहून हात हलवत होते. चित्र पाहण्यासारखं आलं होतं. हात तसाच वर ठेवून, ओठ न हलवता त्यांनी विचारलं, "सुधाकर, झालं का?"

"झालं."

"वापस या रे सारे!" असा आवाज फुटला की पुढच्या गल्लीतले दोन अनोळखी लोकही वळले. "पाटोडी झाली! चला, मांगं सरका, बसा!" वहिनी पानं घेऊनच दारात उभ्या होत्या. ते दोन अनोळखी लोकही जेवून गेले.

मी व्हिडिओ पाठवला. हात हलवतानाच कापून.

दुसऱ्याच दिवशी दुपारी मला ऑफिसात पल्लवीचा फोन आला. आवाज दमलेला. "काका, तिकीट काढायचं आहे. डॉक्टरने तारीख दिली. तुम्ही खरं सांगा. बाबा बदललेत?"

समोर फायली होत्या, शिपाई चहा ठेवून गेला होता, आणि आयुष्यभर ज्या ठिकाणी मी 'हो' म्हटलं तिथेच पुन्हा 'हो' म्हणायचं होतं. सोपं होतं. पण मला तो झाकणावर थांबलेला हात दिसला.

"नाही," मी म्हणालो. "पल्लवी, तुझा बाप काडीचाही बदलला नाही. बदलणारही नाही. मी सगळं कापून पाठवत होतो. काल सगळे परत येऊन जेवले. जे ओळखीचे नव्हते तेही जेवले. तो तिथे येऊन पुन्हा काहीतरी उचलून आणेल, बसवाल्याला थांबवेल, काहीही करेल. तुला बोलवायचं असेल तर हे असं बोलव. नसेल बोलवायचं तर त्याला तसं सांग. पण तो इथे बिस्किटाचा डबा बंद करतो ना, तेव्हा त्याचं तोंड मला पाहवत नाही. मी आता हेंक होणार नाही."

एवढं सलग मी माझ्या लग्नातही बोललो नव्हतो.

तिकडे ती हसायला लागली. हसताना मध्येच नाक ओढल्याचा आवाज आला.

"काका, बाबांच्या खुर्चीमागे शोकेसची काच आहे. तिच्यात सगळं दिसतं. आई बोंडे तळताना दिसते. एका व्हिडिओत तुमच्या हातात बिस्कीट आहे आणि काचेत मांडीवर ताट. मी आणि निखिल थांबवून थांबवून पाहतो. आमच्याकडे दुसरी करमणूकच नाही."

"मग विचारलं कायले?"

"कोणीतरी खरं बोलावं म्हणून. मीही बोलले नाही ना. त्या दिवशी गल्लीतलं कोणीच काही म्हणालं नव्हतं काका. हेंकसुद्धा नाही. मीच घाबरले. घर नवं, लोक नवे, सारखं वाटायचं आपलं काहीतरी चुकतंय. बसमध्ये मोठ्याने बोललो का, कचरा चुकीच्या डब्यात टाकला का. माझी भीती मी बाबांवर काढली." मग एकदम वऱ्हाडीवर आली, "इथं कोनी घरात येतच नाही हो काका. आता पोटात लाथा मारून राह्यलं ना, तर ते सांगायलेबी वेळ घ्या लागते."

"मग बोलव."

"काढतेच तिकीट. दोघांचं. फक्त बाबांना सांगू नका मला माहीत आहे म्हणून. प्रॅक्टिस चालू ठेवा. थोडी तरी अंगात राहू द्या."

म्हणून मी आणखी काही आठवडे हेंक राहिलो. भाऊंना हे आजतागायत माहीत नाही. आता हे वाचून कळेल, आणि मग मला वेळ न घेताच गाठतील.

निघताना स्टँडवर त्यांना पोचवायला अर्धी कॉलनी होती, पण तो काही शेवटचा देखावा नव्हे. या गोष्टीतले शेवटचे भाऊ मी पाहिले ते मोबाइलवर, नात झाल्यानंतर.

तिकडे बाळंतपणानंतर घरी नर्स येते. काही दिवस रोज येऊन थांबते, आणि बाळ, बाळंतीण, स्वयंपाक, घरातली माणसं, सगळ्यांवर तिचा अंमल चालतो. ही नर्स मोठी धिप्पाड होती. तिने भाऊंना खुर्चीत बसवलं होतं, सदऱ्याची बटणं उघडून नातीला छातीवर उपडं ठेवलं होतं, वरून पांघरूण. बाळाला माणसाची ऊब लागते, अजिबात हलायचं नाही, असं बजावून ती वर गेली होती. मोबाइल पल्लवीने समोरच्या सोफ्यावर आडवं पडून धरला होता.

"भाऊ," मी म्हणालो, "अभिनंदन!"

भाऊंनी डोळ्यांनीच गप्प बस म्हटलं.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. दार भाऊंच्या खुर्चीपासून हाताच्या अंतरावर होतं. पुन्हा वाजली. भाऊंनी दाराकडे पाहिलं, मग खाली त्या मुठीएवढ्या डोक्याकडे. त्याच वेळी पांघरुणाच्या खालून त्यांच्या पांढऱ्या बनियनवर ओल पसरू लागली, पोटावर आली, पॅन्टच्या पट्ट्यापर्यंत गेली. पल्लवी हसू दाबत होती, त्यामुळे चित्र हलत होतं.

भाऊ हलले नाहीत.